चावीवाल्याचे चार लिटर

पहिला लिटर

गोष्ट खरं तर गाइडताई आडव्या पडल्या तिथून सुरू करायला हवी. पण त्या पडल्या पाचव्या दिवशी सकाळी, आणि कशावरून पडल्या हे कळायला आधी पहिल्या दिवशीचा एक कागद वाचावा लागेल. जेवणाच्या तंबूत, मधल्या खांबाला, तो सेफ्टी पिनेने अडकवला होता.

*रोज माणशी चार लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे.*
*ताट रिकामं परत आलं पाहिजे.*
*सकाळी लघवीचा रंग सांगायचा. लाजायचं नाही.*
*यातलं एक जरी चुकलं तर दुसऱ्या दिवशी खेचरांबरोबर खाली.*
*साठीच्या वरची जोडपी एकत्र वर जातील, खाली जायची वेळ आली तर तीही एकत्र.*

शेवटची ओळ वेगळ्या पेनाने, मागाहून लिहिलेली होती. आणि ती लिहिली तेव्हा तंबूत साठीच्या वरचं जोडपं एकच बसलं होतं.

त्यातले काका नगरपालिकेच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं चावीवाले होते. चावी म्हणजे खिशात मावते ती नव्हे. छातीपर्यंत येणारी, लोखंडी, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, नऊ आटे फिरवायचे की खालच्या गल्लीला पाणी. नऊ उलटे फिरवायचे की खालच्या गल्लीतल्या बायका खिडकीत. पहाटे चारपासून सकाळी अकरापर्यंत अशी बेचाळीस झाकणं, आणि बेचाळीस झाकणांच्या वाटेवर मुतारी एकही नाही. म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी काकांनी शरीराला शिस्त लावली होती. पाणी प्यायचंच नाही. अख्ख्या गावाला पाणी पाजून हा माणूस दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पाण्याचा पेला समोर आला की त्यांचा हात आपोआप पाठीमागे जायचा.

काकू भूगोलाच्या शिक्षिका. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर तपकिरी खडूने डोंगर काढला, त्यात एक खाच ठेवली आणि सांगितलं, "ही खिंड." दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलीय?" आणि दर वर्षी नेमका त्याच वेळी बाईंचा खडू संपायचा. निवृत्त झाल्यावर त्या पाठीला दहा किलो तांदूळ बांधून रोज सोसायटीचे चार मजले दहा-दहा वेळा चढायला लागल्या. शेजारणींनी विचारलं, कुठे निघालात. काकू म्हणाल्या, "वर." शेजारणी दोन दिवस काळजीत होत्या.

खिंड सोळा हजार फुटांवर होती. ट्रेकच्या कंपनीचं म्हणणं, साठीच्या वरच्या माणसाने एकट्याने यायचं नाही. म्हणून काका आले. तांदळाच्या पिशवीसारखेच, बांधून आणलेले.

आता काकांची अडचण नीट समजून घ्या. पाणी प्यायलं की रात्री बाहेर जावं लागतं. तंबूची चेन, बुटांच्या नाड्या, डोक्याला दिवा, कानाला वारा. जाऊन येईपर्यंत माणूस फ्रीजमधल्या काकडीसारखा होतो. आणि पाणी प्यायलं नाही हे उघड झालं तर काकूंना खिंडीचं तोंड न बघता खाली जावं लागणार. म्हणजे पाणी संपलं तर पाहिजे, पण पोटात जाता कामा नये.

एकतीस वर्षं पाणी इकडून तिकडे वळवलेल्या माणसाला यात अवघड ते काय?

(सांडलेलं)

पहिल्या मुक्कामाला ते गवतात गेलं. दुसऱ्या मुक्कामाला खडीत. मधल्या वाटेत एकदा गटातल्या दाताच्या डॉक्टरांच्या बाटलीत गेलं, ते वाकून बुटाची नाडी बांधत होते तेवढ्यात. त्या संध्याकाळी डॉक्टर कौतुकाने सगळ्यांना सांगत होते, "आज मी किती पाणी प्यायलो विचारू नका. पितोय, पितोय, बाटली आहे तेवढीच."

दुसरा लिटर

गाइडताई तिशीच्या. आवाज बारीक, नजर जाड. रोज संध्याकाळी त्या एकेकाच्या बाटल्या उलट्या करून बघायच्या. माणशी दोन बाटल्या, दिवसातून दोनदा भरायच्या, झाले चार लिटर. मग बोटाला चिमटी लावून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघायच्या. काकांच्या वयाकडे बघून दुसऱ्या मुक्कामापासून त्यांनी काकांना संत्र्याच्या चवीच्या क्षारांची पुडी दिली होती. "काका, ही रोज बाटलीत टाकायची. फक्त तुमच्यासाठी आहे, बाकीच्यांना सांगू नका."

काकांना भरून आलं. पुडी ते इमानदारीने टाकायचे, बाटली नारिंगी व्हायची, आणि मग ते ती तितक्याच इमानदारीने ओतून यायचे.

स्वयंपाकाचा तंबू मामांचा होता. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, गाइडताईसुद्धा. मामा फारसं बोलायचे नाहीत, पण काकांवर त्यांचा फार जीव जडला होता. निदान काकांना तसं वाटत होतं. बाकीच्यांना चहा पत्र्याच्या मगात, काकांना मोठ्या थोरल्या पेल्यात, तोही दोनदा. सूप बाकीच्यांना एकदा, काकांना "घ्या हो अजून" करत तीनदा. सूपमध्ये मिरपूड अशी सणसणीत की वरून गोड कोको घ्यावासा वाटायचाच, आणि कोको तयारच असायचा. सकाळचे ओट्स बाकीच्यांचे चमच्याला चिकटायचे, काकांचे भांड्याला तोंड लावून पिता यायचे.

"वयाचा मान ठेवतात बघ," काका काकूंना म्हणाले.

"ठेवतात खरा," काकू म्हणाल्या.

उंचीवर सगळ्यांची भूक मेली होती. डॉक्टर उकडलेल्या बटाट्याकडे किडलेल्या दाढेकडे बघावं तसे बघत बसायचे. काका मात्र जेवण पातळ असल्यामुळे सगळ्यांत आधी ताट रिकामं करायचे. गाइडताईंनी दोनदा त्यांचं उदाहरण दिलं.

सकाळचा रंगाचा प्रश्न आला की काका छातीठोकपणे सांगायचे, "फिकट पिवळा." थाप मारायची ठरवूनच गेले होते ते. पण पहिल्या दिवशी, थापेला आधार असावा म्हणून, त्यांनी जाता जाता बघितलं, तर तो खरंच फिकट पिवळा होता. दुसऱ्या दिवशी त्याहून फिकट. खोटं बोलायला जावं आणि खरंच निघावं, यासारखी बेचैनी नाही.

(तंबूच्या कापडाआडून, चौथ्या दिवशी, उजाडता उजाडता)

"अगं, जागी आहेस?"

"नाही."

"मी काल रात्री चार वेळा बाहेर गेलो."

"मोजलंत तुम्ही."

"पण का? आत काही जातच नाहीये तर बाहेर काय येतंय?"

"आत जात नाहीये म्हणजे?"

"म्हणजे... हवेचा परिणाम म्हणतोय मी. हवेतला ओलावा वगैरे. अंगात शिरत असेल."

"शिरत असेल."

"तू शिकवायचीस का असं काही?"

"दमट हवामान शिकवायचे. तुमच्याबद्दल काही नव्हतं पुस्तकात."

"चेष्टा करू नकोस. मी डॉक्टरांना विचारू का?"

"ते दातांचे आहेत, अहो. झोपा."

तिसरा लिटर

तिसरा मुक्काम बर्फाच्या काठावर होता. तिथे दोन रात्री राहायचं, मधला दिवस हवेची सवय करायची आणि मग खिंड. ओढा होता, पण अर्धा गोठलेला, आणि जो वाहत होता त्यात खेचरं पुढचे दोन पाय घालून उभी. त्यामुळे पिण्याचं पाणी बर्फ वितळवूनच. मामांचा स्टोव्ह दिवसभर फुरफुरत होता.

काका चौथ्या दिवशी दुपारी तिथे पोचले. दोन बाटल्या तेव्हा, दोन संध्याकाळी, चारही लिटर नारिंगी, जेवणाच्या तंबूमागे नेऊन ओतले. ओतून ते निर्धास्त झोपले. गळती लपवायची तर जमिनीसारखी जागा नाही, हे त्यांना एकतीस वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. जमीन पाणी पिते आणि तोंड पुसून बसते. ओतलेलं पाणी ओतल्या जागीच सकाळपर्यंत वाट बघत थांबतं, हे पाणी खात्यात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

सकाळी तंबूमागे बैठकीच्या खोलीएवढी नारिंगी काच पडली होती.

गाइडताई हातात चहा घेऊन त्या बाजूने आल्या. पुढचं सगळ्यांनी फक्त ऐकलं. आधी मग, मग ताई.

पडल्या पडल्या त्यांच्या नाकापासून चार बोटांवर ती नारिंगी काच होती. दुसरा कुणी असता तर आधी उठला असता. ताईंनी आधी नखाने खरवडलं आणि चाखून बघितलं.

(तुकडा)

ताटलीत ठेवून तो जेवणाच्या तंबूत आणला गेला. ताईंचा एक हात कमरेवर, एका हातात ताटली.

"हे कुणाचं?"

"दात नाही एवढं मी खात्रीने सांगतो," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, संत्र्याची पुडी मी या तंबूत एकाच माणसाला दिलीय."

सगळे काकांकडे वळले. डॉक्टर थोडे उशिरा वळले, कारण आपल्याला पुडी का दिली नाही याचा ते विचार करत होते.

"बाटली सांडली," काका म्हणाले.

"एवढं सगळं?"

"दोन्ही सांडल्या. बूच जरा सैल होतं."

"दोन्हींचं?"

नगरपालिकेत इथपर्यंत कधी कुणी आलं नव्हतं. तिथे दुसऱ्या प्रश्नालाच फाइल वरच्या साहेबाकडे जायची.

ताईंनी कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "खेचरं दहाला निघतात."

काकूंनी चहाचा मग खाली ठेवला. खिंडीच्या दिवसासाठी घेतलेले नवे लोकरी मोजे त्या दोन दिवस जॅकेटमध्ये पोटाशी ऊबेला ठेवत होत्या. ते त्यांनी काढले, एकात एक घातले आणि टेबलावर ठेवले. भांडल्या नाहीत, काकांकडे बघितलंसुद्धा नाही.

भांडल्या असत्या तर काकांनी निभावून नेलं असतं. अडतीस वर्षांची सवय होती. पण ते मोजे त्यांना बघवेनात.

चौथा लिटर

"ताई," काका उठून उभे राहिले, "चूक माझी आहे. ही रोज चारही लिटर प्यायलीय, मी साक्षीदार आहे. मला पाठवा खाली. खेचरावर उलटा बसवून पाठवा. हिला जाऊ द्या."

"नियम आहे, काका."

"मग मी आत्ता पितो. तुमच्यासमोर. दोन्ही." त्यांनी सकाळीच भरून आलेली आपली बाटली उचलली, बूच काढलं, डोळे गच्च मिटले. बेचाळीस झाकणांची सगळी वाट त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावी. बाटली ओठाला लागली.

"ते नको," ओट्स वाढायला आलेले मामा म्हणाले.

मामा आपणहून बोलले हेच इतकं नवीन होतं की काका थांबले. मामांनी पळी टेबलावर ठेवली, दोन ढांगा टाकल्या आणि बाटली काकांच्या हातातून काढून घेतली.

"का?" ताई म्हणाल्या.

"ओढ्यातलं आहे."

"खेचरं उभी असतात त्या?"

"हो. पण वरच्या अंगाने भरलंय," मामा म्हणाले, जणू त्यामुळे काही बिघडत नव्हतं.

ताईंनी ताटली खाली ठेवली.

"मामा, तुम्ही माणसाच्या बाटलीत न उकळलेलं पाणी भरलंत?"

"माणसाच्या कुठे? जमिनीच्या. इथे आल्यापासूनच भरतोय, खाली सगळं उकळलेलंच होतं. यांना पहिल्या मुक्कामाला ओतताना बघितलं, दुसऱ्याला बघितलं. इथे एक लिटर वितळवायला अर्धा तास स्टोव्ह जळतो, ताई. जमिनीलाच पाजायचंय तर म्हटलं उकळून कशाला पाजू."

"आणि माणसाला काय पाजलंत?"

मामांनी काकूंकडे बघितलं. काकू तंबूच्या छताची शिवण तपासत होत्या.

"बाकी सगळं," मामा म्हणाले. "चहा थोरल्या पेल्याने दोनदा. पातळ ओट्स. सूप दोन्ही वेळा तीन-तीन वाट्या. रसातल्या नूडल्स. मिरपुडीवर कोको. बाई पहिल्याच दिवशी स्वयंपाकाच्या तंबूत येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, हे पाणी पिणार नाहीत. पण ज्याला पाणी म्हणत नाहीत ते काहीही पितील."

काका हळूहळू खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक झाकण उघडत गेलं. थोरला पेला. मिरपूड. वयाचा मान. "म्हणजे रात्री चार वेळा..."

"पाच," काकू म्हणाल्या. "पाचव्यांदा तुम्ही झोपेतच जाऊन आलात."

"अगं, मग मी इतके दिवस ओतत होतो ते..."

"मला वाटलं तुमचा वेळ चांगला जातोय."

ताईंनी काही न बोलता चिमटी काढून काकांच्या बोटाला लावली. अठ्ठ्याऐंशी. मग डॉक्टरांच्या. एक्याऐंशी. डॉक्टरांनी दुसरं बोट देऊन बघितलं, तेही एक्याऐंशीच निघालं.

"रंग?" ताई काकांना म्हणाल्या.

"फिकट पिवळा," काका दीनवाण्या आवाजात म्हणाले. "खरंच हो."

काकू उठल्या, खांबापाशी गेल्या, चष्मा नाकावर घेतला. पेपर तपासताना घ्यायच्या तसा. "ताई, इथे लिहिलंय, पोटात गेलं पाहिजे. बाटलीतून गेलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही."

"बाई, मी पडले."

"त्याबद्दल ह्यांना शिक्षा करा ना. खाली पाठवून का करता, इथेच करा. मी वर्गाबाहेर कधी कुणाला काढलं नाही."

ताईंनी कागदाकडे बघितलं. कंबर चोळली. शेवटी पेन काढून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: *बाटली फक्त तोंडात रिकामी करायची.* मग म्हणाल्या, "खेचरांना सांगा, आज कुणी येत नाहीये."

काकूंनी मोजे उचलून पुन्हा पोटाशी घातले.

(शिक्षा)

तंबूमागची नारिंगी काच काकांनीच फोडायची. आणि ओतलेल्यांपैकी दोन लिटर काकांनीच परत करायचे, बर्फ वितळवून. मामांची शिक्षा एवढीच की ते काकांना शिकवतील, आणि तोंडाने शिकवतील.

पहिलं भांडं काकांनी काठोकाठ बर्फाने भरून स्टोव्हवर ठेवलं. थोड्या वेळाने जळका वास आला.

"तळाला आधी पेलाभर पाणी घालायचं," मामा म्हणाले. "नाहीतर भांडं करपतं. पाण्याला जळकट वास लागतो."

"पाणी करायला आधी पाणी लागतं?"

"लागतं."

काकांनी काठोकाठ भरलेलं दुसरं भांडं ठेवलं आणि बघत बसले. बर्फ खचला, आणखी खचला, आणि तळाला वाटीभर पाणी उरलं. त्यांनी भांडं तिरकं करून बघितलं, बाकीचं कुठे गेलं असेल असं.

"गळती नाही," मामा म्हणाले. "एवढंच होतं त्यात."

नऊ आटे फिरवले की ज्यांच्या हाताखालून नदी धावायची, ते काका त्या दिवशी बादली घेऊन सोळा खेपा घालून आले. प्रत्येक खेपेला दहा पावलांवर थांबून श्वास घ्यावा लागत होता. दुपार टळता टळता दोन बाटल्या भरल्या. कोमट होत्या. काकांनी त्या जॅकेटच्या आत धरल्या आणि तंबूमागे जाऊन उभे राहिले. सवयीने गेले असतील. मामा पळी हातात घेऊन लांबून बघत होते.

काकांनी बूच काढलं. खाली बघितलं. मग इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाहीये ना याची खात्री केली, आणि चोरून घटाघटा प्यायले.

उरलेलं

खिंडीत ते सकाळी दहाला पोचले. खाच अगदी फळ्यावरच्यासारखी होती, फक्त वारा काढायचा राहिला होता. काकू मधोमध उभ्या राहिल्या, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. पायांत नवे मोजे. मग शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "हा जलविभाजक. या बाजूला पडलेला थेंब या खोऱ्यात जातो आणि त्या बाजूला पडलेला त्या. दोघांची आयुष्यात पुन्हा भेट नाही."

काका बघत राहिले. एवढी मोठी चावी त्यांनी जन्मात बघितली नव्हती, आणि फिरवायला कुणी माणूसही नेमलेला नव्हता.

त्यांनी बाटली काढली आणि ताईंकडे गेले. "ताई, एक बूचभर ओतू का? दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं. बघायचंय."

"पहिल्यांदाच विचारून ओतताय," ताई म्हणाल्या. "ओता."

काकांनी अर्धं बूच डावीकडे सोडलं, अर्धं उजवीकडे. दोन्ही थेंब खडकाला चिकटले आणि बघता बघता पांढरे झाले. कुठेच गेले नाहीत.

"जातील," काकू म्हणाल्या. "उन्हाळ्यात."

मग काकूंनी कमरेवर हात ठेवले. ताईंनीही ठेवले. मामा तर आधीपासूनच ठेवून उभे होते. काकांनी तिघांकडे बघत उरलेला लिटर उभ्या उभ्या संपवला, बाटली उलटी करून दाखवली. डॉक्टरांनी हातमोज्यांतून टाळ्या वाजवल्या, त्यांचा आवाज झाला नाही.

पाच-सात मिनिटं गेली असतील. काका काकूंच्या कानाशी आले.

"अगं, मला जरा... कुठल्या बाजूला जाऊ?"

काकूंनी एका खोऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. तीस वर्षं वाट बघून आलेल्या माणसाने बघावं तसं, सावकाश.

"खालच्या गावांचा विचार करा," त्या म्हणाल्या, "आणि नऊ आटे मोजून बंद करा."

काका मोठ्या दगडाआड गेले. वाऱ्यावरून ताईंचा बारीक आवाज त्यांच्या मागोमाग गेला.

"काका, रंग?"